पहारेकरी बंद खोलीत : कंटेनरमधील फेलओव्हर सेवेचा अभ्यास

एखाद्या सेवेसाठी एकाऐवजी दोन यंत्रे ठेवली म्हणजे ती सेवा अखंड झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः दोन यंत्रे ठेवणे हा या प्रश्नाचा सोपा भाग होय. त्या दोहोंपैकी या क्षणी काम कोणी करावयाचे आणि एक पडले तर दुसऱ्याने नेमके केव्हा उभे राहावयाचे, हे ठरविणे हा अवघड भाग. परीक्षेचे अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सायंकाळी पाच वाजता अर्ज स्वीकारणारा सर्व्हर बंद पडला आणि शेजारीच दुसरा सर्व्हर धडधाकट असूनही कामावर आला नाही, तर विलंबशुल्काचा भुर्दंड विद्यार्थ्यालाच पडतो. याहून वाईट म्हणजे, दोन्ही सर्व्हर एकाच वेळी ‘मीच मुख्य’ म्हणून अर्ज घेऊ लागले, तर निम्मे अर्ज एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे, आणि कोणाचा अर्ज कुठे गेला याचा मेळ घालता घालता कार्यालयाची पुरेवाट होते.

या बदलीच्या व्यवस्थेस ‘फेलओव्हर’ म्हणतात. लिनक्स यंत्रांवर हे काम करणारा ‘कीपअलाइव्हडी’ नावाचा एक जुना व विश्वासू प्रोग्राम आहे. अलीकडे प्रत्येक प्रोग्राम कंटेनरमध्ये घालून चालविण्याची प्रथा पडली आहे. साहजिकच विद्यार्थी विचारतात, की हाही कंटेनरमध्ये का घालू नये? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत दोन साध्या यंत्रांवर मी विद्यार्थ्यांसमवेत हा प्रयोग मांडला. गटात मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांचे विद्यार्थी होते. ‘मौन’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि या लेखाचा सारा विषय त्या एका शब्दात सामावलेला आहे.

बदलीचे तत्त्व

कीपअलाइव्हडी ज्या नियमावलीने चालतो तिचे संक्षिप्त नाव व्हीआरआरपी. ती प्रथम १९९८ साली प्रसिद्ध झाली. पुढे २००४, २०१० व २०२४ या वर्षी तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ हेतू राउटरांची बदली करण्याचा होता. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, वेन्सोंग झांग यांनी लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हा प्रकल्प सुरू केला, आणि त्याला जोड म्हणून अलेक्सांद्र कासेन यांनी कीपअलाइव्हडी लिहिला. नावातील शेवटचे अक्षर ‘डी’ हे ‘डेमन’चे, म्हणजे पडद्याआड सतत चालणारा प्रोग्राम.

तत्त्व अगदी साधे आहे. दोन यंत्रांना आपापले पत्ते असतातच. त्याखेरीज एक तिसरा, आभासी पत्ता ठरवून घेतात. ग्राहक केवळ या तिसऱ्या पत्त्यालाच ओळखतो. दोहोंपैकी जे यंत्र मुख्य असेल त्याने हा पत्ता धारण करावयाचा आणि दर सेकंदाला ‘मी हजर आहे’ अशी हाक द्यावयाची. ही हाक २२४.०.०.१८ या सामूहिक पत्त्यावर जाते, म्हणून त्या तारेवरील संबंधित सर्वांना ती एकदमच ऐकू येते. बदलीच्या यंत्राने केवळ कान देऊन बसावयाचे. हाका थांबल्या की पत्ता आपल्याकडे घ्यावयाचा आणि जाळ्यात पुकारा करावयाचा, की आजपासून हा पत्ता माझ्या जाळेपट्टीवर आहे. या पुकाऱ्यास ‘ग्रॅच्युइटस आर्प’ म्हणतात. त्यामुळे शेजारच्या यंत्रांच्या व स्विचच्या स्मरणातील जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते.

किती वेळ वाट पाहावयाची, याचेही गणित ठरलेले आहे. प्रत्येक यंत्रास १ ते २५४ पर्यंत एक अग्रक्रम देतात. समजा मुख्य यंत्राचा अग्रक्रम १५० आणि बदलीचा १०० आहे. बदलीचे यंत्र तीन हाकांइतका वेळ, म्हणजे तीन सेकंद थांबते आणि वर थोडी सवलत देते. ही सवलत म्हणजे २५६ मधून आपला अग्रक्रम वजा करून बाकीस २५६ ने भागावयाचे. १०० अग्रक्रमासाठी १५६ भागिले २५६, म्हणजे सुमारे ०.६१ सेकंद. एकूण ३.६१ सेकंद. तिसरे एखादे यंत्र ५० अग्रक्रमाचे असेल, तर त्याची सवलत सुमारे ०.८० सेकंद येते. म्हणजे दोघेही एकदम उठत नाहीत. वरचा आधी उठतो, आणि त्याची हाक ऐकून खालचा पुन्हा स्वस्थ बसतो. हे छोटेसे सूत्र किती विचारपूर्वक योजले आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे मांडून पाहावे.

आणखी एक सौजन्य या नियमावलीत आहे. मुख्य यंत्र रीतसर निवृत्त होत असेल, तर ते जाता जाता शून्य अग्रक्रमाची एक हाक देते. तिचा अर्थ ‘मी चाललो, तुम्ही सांभाळा’. ती ऐकल्यावर बदलीचे यंत्र तीन सेकंद थांबत नाही; केवळ ०.६१ सेकंदाची सवलत संपताच कामावर येते. ही शून्याची हाक वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे फार काम पडणार आहे.

मौनाचा अर्थ

एकेरी रेल्वेमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी आपल्याकडे टोकनची पद्धत असे. दोन स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असत, आणि एका वेळी एकच टोकन बाहेर निघू शके. ते हातात असल्याखेरीज चालक गाडी पुढे काढीत नसे. येथे मार्गावरचा हक्क वस्तूच्या रूपाने हातात असतो. तो दोघांकडे असणे शक्यच नाही.

व्हीआरआरपीमध्ये असे टोकन नाही. येथे हक्क सिद्ध होतो तो हाकेने, आणि हक्क संपल्याचे समजते ते मौनाने. पण मौनाचे अर्थ अनेक असतात. हाक देणारा मेला असेल. तो जिवंत असेल पण मध्ये भिंत आली असेल. तो झोपला असेल. ऐकणाऱ्याचेच कान बंद असतील. बदलीच्या यंत्राला हे चारही प्रसंग एकसारखेच दिसतात, आणि चारही प्रसंगी ते एकच कृती करते : पत्ता स्वतःकडे घेते. पहिल्या प्रसंगी ती कृती योग्य, उरलेल्या तिन्ही प्रसंगी एका पत्त्याचे दोन धनी होतात.

उघड्या यंत्रावर मौनाचा अर्थ बहुधा मृत्यू असाच असतो, म्हणून ही व्यवस्था वर्षानुवर्षे समाधानकारक चालली. कंटेनरमध्ये मात्र मौन उत्पन्न होण्याच्या नव्या तऱ्हा निर्माण होतात. माझ्या मते या विषयाचे सार एवढेच आहे. बाकीचा तपशील त्यातून आपोआप निघतो.

कंटेनर म्हणजे काय

कंटेनर म्हणजे छोटे स्वतंत्र यंत्र, अशी समजूत सोयीची असली तरी खरी नाही. कंटेनरमधील प्रोग्राम हा यजमान यंत्राच्याच कर्नेलवर चालणारा साधा प्रोग्राम असतो. फरक इतकाच, की कर्नेल त्याच्याभोवती काही भिंती उभारतो. त्याला जाळ्याचा वेगळा देखावा दाखवतो, चालू प्रोग्रामांची वेगळी यादी दाखवतो, फायलींचे वेगळे झाड दाखवतो. या प्रत्येक भिंतीस ‘नेमस्पेस’ म्हणतात. शिवाय त्याचे काही अधिकार काढून घेतलेले असतात. या सुविधा लिनक्समध्ये पूर्वीपासून होत्या. २०१३ साली डॉकर आले आणि त्या सर्वसामान्यांच्या हाती सुलभपणे पडल्या.

वेबसाइट चालविणाऱ्या प्रोग्रामला या भिंती उपकारक असतात. त्याला बाहेरचे काही पाहण्याचे कारण नसते. एक दार उघडे असले की पुरे. पण कीपअलाइव्हडीचे काम पहारेकऱ्याचे. त्याने तारेवर हाक द्यावयाची, दुसऱ्याची हाक ऐकावयाची, यंत्राच्या जाळेपट्टीवर पत्ता चढवावयाचा व उतरवावयाचा. अशा पहारेकऱ्यास बंद खोलीत बसविले, तर कोणकोणत्या भिंती आड येतात ते क्रमाने पाहू.

पहिली भिंत : जाळ्याची

डॉकरच्या नेहमीच्या पद्धतीत कंटेनरला स्वतःची जाळेपट्टी मिळते. ती यजमानाच्या आत असलेल्या एका पुलास जोडलेली असते, आणि बाहेर जाणारा प्रत्येक संदेश पत्ता बदलून यजमानातर्फे जातो. कीपअलाइव्हडी अशा कंटेनरमध्ये पुरेशा अधिकारांसह सुरू केला तर तो कुरकुर न करता सुरू होतो, आपण मुख्य असल्याचे जाहीरही करतो. पण पत्ता चढतो तो खोलीतल्या पट्टीवर. बाहेरच्या तारेवर त्याचा मागमूस नसतो. दोन्ही यंत्रांवर हेच घडते, म्हणून दोघेही स्वतःस मुख्य समजतात.

विद्यार्थ्यांनी सहजच सुचविले, की वेबसाइटचे दार उघडतो तसेच याचेही उघडावे. ते शक्य नाही, आणि त्याची तीन कारणे समजून घेण्यासारखी आहेत. एक, व्हीआरआरपीला दार नसतेच. ते टीसीपी किंवा यूडीपीवर चालत नाही. आयपीच्या थेट वर बसलेली ती स्वतंत्र नियमावली असून तिचा क्रमांक ११२ आहे. डॉकरला मात्र टीसीपी, यूडीपी व एससीटीपी यांचीच दारे उघडता येतात. दोन, २२४.०.०.१८ हा पत्ता एकाच तारेपुरता आहे. तो पुढच्या जाळ्यात धाडावयाचा नाही, असा नियम आहे. तीन, प्रत्येक हाकेवर ‘टीटीएल’ची संख्या २५५ असली पाहिजे, अन्यथा ऐकणाऱ्याने ती टाकून द्यावी, असे नियमावली सांगते. मध्ये एक राउटर आला तरी ही संख्या २५४ होते. म्हणजे दूरवरून कोणी खोटी हाक देऊ नये म्हणून जी खबरदारी घेतली आहे, तीच कंटेनरच्या पुलाआड बसलेल्या खऱ्या हाकेलाही अडविते.

म्हणून पहिला उपाय असा, की ही भिंत बांधूच नये. डॉकरला ‘होस्ट नेटवर्क’ असे सांगितले, की कंटेनर यजमानाचेच जाळे वापरतो आणि आभासी पत्ता खऱ्या पट्टीवर चढतो. यजमानाच्या फायरवॉलमध्ये क्रमांक ११२ ला वाट दिलेली असावी, हेही पाहावे. वाट अडलेली असेल तर ऐकणाऱ्याचे कान बंद, आणि पुन्हा दोन धनी. ज्या जाळ्यात सामूहिक हाक चालतच नाही, तेथे समोरच्या यंत्राचा पत्ता नावानिशी लिहून एकास एक हाक देण्याची सोय कीपअलाइव्हडीत आहे.

दुसरी भिंत : अधिकारांची

जाळे मोकळे केले तरी प्रोग्राम अडतो, कारण जाळेपट्टीवर पत्ता चढविण्याचा अधिकार कंटेनरला नसतो. लिनक्सने पूर्वीच्या सर्वाधिकारी ‘रूट’चे अनेक तुकडे केले आहेत. त्यांतील ‘नेट अ‍ॅडमिन’ हा तुकडा जाळ्याची मांडणी बदलण्याचा, ‘नेट रॉ’ हा कच्चे संदेश घडविण्याचा, आणि ‘नेट ब्रॉडकास्ट’ हा सामूहिक संदेशांचा. डॉकर यांपैकी ‘नेट रॉ’ सहसा देते. ‘नेट अ‍ॅडमिन’ देत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

येथे आळस करण्याचा मोह होतो. ‘प्रिव्हिलेज्ड’ हा एक शब्द लिहिला की सारेच अधिकार मिळतात आणि काम चालू होते. पण एका किल्लीची गरज असता किल्ल्यांचा सबंध जुडगा देण्यापैकी ते आहे. होस्ट नेटवर्क दिल्यावर ‘नेट अ‍ॅडमिन’ हा अधिकारही लहान नाही. तो यजमानाच्या साऱ्या जाळ्यावर चालतो. तेव्हा हवे तेवढेच द्यावे, आणि या कंटेनरमध्ये दुसरे काहीही चालवू नये.

काही गोष्टी मात्र कोणताही अधिकार देऊन कंटेनरमध्ये नेता येत नाहीत, कारण त्या कर्नेलच्या आहेत आणि कर्नेल एकच आहे. लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हरचा कर्नेलमधील भाग वापरावयाचा असेल, तर तो यजमानावरच उपलब्ध हवा. तसेच, बदलीच्या यंत्रावरील सेवेला अजून हाती न आलेल्या पत्त्यावर आधीच कान लावून बसावयाचे असते. त्याची परवानगी देणारी कर्नेलची मांडणीही, होस्ट नेटवर्क वापरताना, यजमानावरच करावी लागते. ‘सर्व काही इमेजमध्ये आहे’ ही कंटेनरची प्रतिज्ञा येथे अपुरी पडते.

तिसरी भिंत : दृष्टीची

पहारेकरी जागा आहे, एवढ्याने भागत नाही. तो ज्याची राखण करतो ती सेवा चालू आहे का, हेही त्याने पाहावयाचे असते. यासाठी कीपअलाइव्हडीत दर काही सेकंदांनी एक छोटी तपासणी चालविण्याची सोय आहे. तपासणी फसली की अग्रक्रम ठरलेल्या आकड्याने घटतो.

पुस्तकांतून व टिपणांतून आढळणारी नेहमीची तपासणी म्हणजे ‘त्या नावाचा प्रोग्राम चालू आहे का’ हे यादीत पाहणे. कंटेनरमध्ये ती हमखास फसते. कारण चालू प्रोग्रामांची यादीही भिंतीआड असते. शेजारच्या कंटेनरमधील किंवा यजमानावरील सेवा पहारेकऱ्याच्या यादीत नसतेच. सेवा उत्तम चालली असता पहारेकरी ती मेली असे ठरवितो. दोन्ही यंत्रांवर हेच घडत असल्याने बदलीने काही साधत नाही. शिवाय तपासणीसाठी लागणारी छोटी साधने इमेजमध्ये आहेत का, हेही पाहावे. इमेज लहान ठेवण्याच्या नादात ती बहुधा वगळलेली असतात.

यजमानाची यादी उघडी करून देता येते. पण मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. प्रोग्राम जिवंत आहे का, हे विचारूच नये. तो काम करतो का, हे विचारावे. सेवेकडे एक खरी मागणी धाडावी आणि उत्तर ठरलेल्या वेळात येते का ते पाहावे. यादीत नाव असून काम न करणारे आपणांस अन्यत्रही आढळतात! मागणी जाळ्यातून जाते, म्हणून यादीची भिंत तिला आड येत नाही. ही तपासणी कंटेनरमध्ये तर उपयुक्त आहेच, पण उघड्या यंत्रावरही तीच अधिक खरी आहे.

येथेही अंकगणिताचा एक सापळा आहे. मुख्य १५० व बदली १००, म्हणजे अंतर ५०. तपासणी फसल्यास अग्रक्रम २० ने घटावा असे लिहिले, तर मुख्य १३० वर येते. ते अजून १०० च्या वरच आहे, म्हणून बदली होतच नाही. सेवा मेलेली आणि पत्ता तिथेच. घट अंतराहून अधिक हवी. ६० लिहिले तर मुख्य ९० वर येते व बदली घडते.

चौथी भिंत : मरणाची रीत

सर्वांत महत्त्वाचा भाग हा. प्रोग्राम कसा मरतो यावर मागे काय उरते हे ठरते.

कीपअलाइव्हडीला थांबण्याचा सभ्य संकेत, म्हणजे क्रमांक १५, मिळाला की तो दोन गोष्टी करतो : शून्याची हाक देतो आणि पत्ता पट्टीवरून उतरवितो. क्रमांक ९ चा संकेत मात्र प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. कर्नेल त्याला तत्काळ संपवितो. हाक नाही, आवराआवर नाही. कंटेनर थांबविताना डॉकर प्रथम १५ चा संकेत देते, सहसा दहा सेकंद थांबते, आणि तोवर प्रोग्राम गेला नाही तर ९ चा देते.

हा पहिला संकेत जातो कंटेनरमधील पहिल्या क्रमांकाच्या प्रोग्रामला. तेथे कीपअलाइव्हडीच असेल तर सर्व ठीक. पण पुष्कळदा तेथे सुरुवातीची जुळवाजुळव करणारी एक शेल-स्क्रिप्ट असते आणि कीपअलाइव्हडी तिच्या पोटात चालत असतो. पहिल्या क्रमांकाच्या प्रोग्रामने एखादा संकेत झेलण्याची व्यवस्था केली नसेल, तर कर्नेल तो संकेत निष्फळ ठरवितो. स्क्रिप्ट संकेत गिळते, पुढे देत नाही. दहा सेकंद संपतात, ९ चा संकेत येतो, आणि खोलीतील एकूण एक प्रोग्राम क्षणात मरतो. यावरचा इलाज सोपा आहे : स्क्रिप्टने अखेरीस ‘एक्झेक’ या आज्ञेने आपली जागा कीपअलाइव्हडीला द्यावी, आणि त्याला पडद्याआड न जाता समोरच चालावयास सांगावे.

आता पहिल्या भिंतीकडे मागे वळून पाहा. कंटेनरचे जाळे वेगळे असते, तर खोली मोडताच तिच्यातील पट्टी आणि पट्टीवरचा पत्ताही नाहीसा झाला असता. पण आपण होस्ट नेटवर्क घेतले. त्यामुळे पत्ता यजमानाच्या पट्टीवर आहे, आणि कंटेनर मेला तरी तो तेथेच बेवारस राहतो. त्या पत्त्याविषयी कोणी विचारले तर उत्तर देतो तो यजमानाचा कर्नेल. त्याला पहारेकरी मेल्याची वार्ताही नसते. इकडे ३.६१ सेकंदांनी बदलीचे यंत्र तोच पत्ता धारण करते. एका पत्त्याचे दोन धनी झाले, आणि कोणत्याही नोंदवहीत चूक म्हणून काही लिहिले गेले नाही. एक भिंत काढल्याने जी सोय झाली, तिचीच ही किंमत होय.

याहून सूक्ष्म प्रसंग गोठविण्याचा. कंटेनर ‘पॉज’ केला, तर प्रोग्राम मरत नाही, पण हालचालही करीत नाही. हाका थांबतात, पत्ता राहतो. कंटेनरवर प्रोसेसर-वेळेची फार कडक मर्यादा घातली, तर याचेच सौम्य रूप दिसू शकते : हाका उशिरा जातात आणि मुख्यपण या यंत्रावरून त्या यंत्रावर उड्या मारू लागते. म्हणून पहारेकऱ्याच्या शिध्यात काटकसर करू नये.

उपाय तीन सांगता येतात. एक, कंटेनर मेला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करण्याचे डॉकरला सांगून ठेवावे. कीपअलाइव्हडी सुरू होताना आपल्या नावावरील शिल्लक पत्ते प्रथम उतरवितो. दोन, यजमानावर अशी एक छोटी आज्ञा ठेवावी, की जी कंटेनर थांबल्यावर बेवारस पत्ता काढून टाकील. तीन, ‘मॅकव्हीलॅन’ नावाची मधली वाट घ्यावी. हिच्यात कंटेनरला खऱ्या तारेवर स्वतःची स्वतंत्र पट्टी मिळते. हाका बाहेर जातात आणि खोली मोडली की पत्ताही जातो. मात्र ज्या सेवेसाठी हा पत्ता आहे ती त्याच खोलीच्या जाळ्यात चालवावी लागते, आणि यजमान व त्याचा हा कंटेनर यांचे परस्परांशी थेट बोलणे होत नाही. फुकट असे काहीच मिळत नाही.

करून पाहण्याचे प्रयोग

दोन यंत्रे व एक तिसरे निरीक्षक यंत्र असल्यास पुढील चार प्रयोग एका तासिकेत होतात. निरीक्षक यंत्रावरून आभासी पत्त्याला ‘पिंग’ चालू ठेवावा, आणि ‘आर्पिंग’ने तो पत्ता कोणत्या पट्टीवरून उत्तर देतो हे पाहत राहावे. गटाचा क्रमांक १ ते २५५ मधील असा घ्यावा, की जो त्या तारेवर दुसऱ्या कोणी घेतलेला नाही.

पहिला, मुख्य यंत्राची वीज काढणे. बदली सुमारे साडेतीन सेकंदांत होते. दुसरा, ‘डॉकर स्टॉप’. मांडणी बरोबर असेल तर एका सेकंदाच्या आत बदली होते. दहा सेकंद काहीच न घडता मग बदली झाली, तर संकेत कोणीतरी गिळला असे समजावे. तिसरा, ‘डॉकर किल’. चौथा, ‘डॉकर पॉज’.

तिसऱ्या व चौथ्या प्रयोगात आमच्या गटाला जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. पिंग अखंड चालू राहिला. ज्याने केवळ पिंग पाहिला त्याने सर्व आलबेल असल्याचे लिहून ठेवले. आर्पिंग पाहणाऱ्यांना मात्र एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळ्या पट्ट्यांवरून उत्तरे येताना दिसली. उत्तर मिळणे आणि योग्य त्याचकडून उत्तर मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ वाचावयाचे पान असेल तर हा भेद कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण जेथे अर्ज, गुण किंवा पैसे नोंदले जातात तेथे याच भेदातून अनर्थ होतो.

मग कंटेनर घ्यावा की नाही?

चार भिंती पाहिल्यावर काही विद्यार्थ्यांचे मत पडले, की हा प्रोग्राम यजमानावरच ठेवावा. ते मत चुकीचे नाही. दोनच यंत्रे असतील आणि बाकी सारे हातानेच मांडलेले असेल, तर तेच सरळ.

पण कंटेनरलाही बाजू आहे. दोन्ही यंत्रांवर प्रोग्रामची हुबेहूब एकच आवृत्ती राहते, मांडणी एका फायलीत येते, आणि तिसरे यंत्र उभे करणे मिनिटांचे काम होते. कुबरनेटीजच्या मार्गदर्शिकेतही मुख्य यंत्रांसमोर कीपअलाइव्हडी व एचएप्रॉक्सी ठेवण्याची एक रीत दिली आहे. तेथेही होस्ट नेटवर्क आणि वर सांगितलेले तीन अधिकार आहेतच. हा कंटेनर तेथे ‘स्टॅटिक पॉड’ म्हणून, म्हणजे मध्यवर्ती व्यवस्थेला न विचारता, त्या त्या यंत्रावरच सुरू होतो. कारण उघड आहे. ज्या पत्त्यावरून मध्यवर्ती व्यवस्था गाठावयाची, तो पत्ता सांभाळणारा पहारेकरी त्याच व्यवस्थेच्या परवानगीवर अवलंबून ठेवला, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील. हीच दृष्टी डॉकरबाबतही ठेवावी. डॉकरची आवृत्ती बदलताना, वेगळी तजवीज केली नसेल तर, त्याखालील सारे कंटेनर थांबतात. तेव्हा दोन्ही यंत्रांवर हे काम एकाच वेळी कधीही काढू नये.

तात्पर्य असे, की कंटेनरमध्ये ठेवलेला फेलओव्हर प्रोग्राम हा वास्तविक पुरता कंटेनरमध्ये नसतोच. त्याचे जाळे यजमानाचे, कर्नेल यजमानाचा, पत्ताही यजमानाच्या पट्टीवर. कंटेनर त्याला वेष्टन म्हणून उपयोगी पडतो, भिंत म्हणून नव्हे. हे मनाशी स्पष्ट असेल तर प्रत्येक भिंत आपण जाणून उघडतो आणि तिच्यामुळे येणाऱ्या जबाबदारीची तजवीजही करून ठेवतो. ते स्पष्ट नसेल तर पाठ केलेल्या आज्ञा चालतात खऱ्या, पण अखेरच्या दिवशी पाच वाजता काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

बदलीच्या यंत्राला ऐकू येते ते केवळ मौन. त्या मौनाचा अर्थ मृत्यू असाच राहील, आणि मरणाराही मागे आपला पत्ता ठेवून जाणार नाही, एवढे पाहणे हे मांडणी करणाऱ्याचे काम आहे. विद्यार्थिमित्रांनी वरील चार प्रयोग स्वतः करून पाहावेत, आणि करताना पिंगवर विसंबू नये, इतकीच सूचना करून हा लेख पुरा करतो.